बरगड्या मोडल्या म्हणून बाबा गेले नाहीत

आदरणीय डॉक्टर,

मी डिचोली तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात माझे बाबा वारले. वय ६८. रविवारी जेवून सोप्यावर खुर्चीत बसले होते. घोरल्यासारखा आवाज आला, आम्हाला वाटलं डोळा लागला. थोड्या वेळाने आईने हाक मारली तर मान कलंडलेली. दादाने १०८ लावला. शेजारच्या भावजींनी आणि मी त्यांना खाली जमिनीवर घेतलं आणि मी छाती दाबायला लागले. डीएड करताना प्रथमोपचाराचा एक वर्ग झाला होता, त्यात पंधरा दाब आणि दोन श्वास असं शिकवलं होतं. श्वास द्यायला मला जमलं नाही, तोंडातून फेस येत होता. नुसती दाबत राहिले. मध्येच कडकन आवाज झाला, हाताखाली काहीतरी मोडलं. मी घाबरून थांबले, मग परत सुरू केलं. गाडी यायला वीसेक मिनिटं लागली. त्यांनी मशीन लावलं, शॉक देण्यासारखं नाही म्हणाले, दाबत दाबतच नेलं. इस्पितळात अर्ध्या तासाने सांगितलं, गेले.

बाराव्याला काका सगळ्यांसमोर म्हणाले, ‘पोरीने बरगड्या मोडल्या, त्याच काळजात घुसल्या.’ दादाचं म्हणणं, श्वास दिला असता तर वाचले असते. मावसभाऊ सांगतो, मोठ्या शहरात असते तर मशीनवर ठेवून, अंग थंड करून वाचवलं असतं. नेटवर वाचायला गेले तर दर काही वर्षांनी नियमच बदललेले. मग खरं काय धरायचं? आता वाड्यावरच्या मुलांनी देवळाच्या मंडपात सीपीआरचं, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबायचं, शिबिर घ्यायचं ठरवलंय आणि मला पुढे व्हायला सांगताहेत. मी त्या मंडपात उभी राहू का? आणि आईला त्या वेळी आत न्यायला हवं होतं का? ती सगळं बघत होती. आता रात्री दचकून उठते.

एक मुलगी, डिचोली

ताई,

आधी काकांच्या बोलण्याचं बघू, कारण तेच तुमच्या मनात घर करून बसलंय. बरगड्या मोडल्या म्हणून बाबा गेले नाहीत. तुम्ही हात लावलात त्याआधीच त्यांचं हृदय बंद पडलं होतं. हाकेला ओ नाही, श्वास धड नाही, मान कलंडलेली. अशा माणसाला कोणी हातच लावला नाही तर तो वाचत नाही. त्या वीस मिनिटांत त्यांच्या मेंदूकडे जे काही रक्त गेलं, ते तुमच्या हातांनी गेलं.

मोठ्या माणसाची छाती नीट दाबायची म्हणजे निदान पाच सेंटिमीटर खाली जायला हवी. साठी ओलांडलेल्या माणसाची एवढी छाती दाबली की बरगड्या बऱ्याचदा मोडतात. वय वाढतं तशी बरगड्यांना मधल्या हाडाशी जोडणारी कूर्चा कडक होते, हाडं ठिसूळ होतात. मी भूलतज्ज्ञ आहे. तो कडकन आवाज मी इस्पितळातही ऐकलाय, आणि तिथेही तो ऐकून कोणी हात काढून घेत नाही. हात छातीच्या मधल्या हाडावर, खालच्या अर्ध्या भागात आहेत ना एवढं बघायचं आणि पुढचा दाब द्यायचा. तुम्ही परत सुरू केलंत, अगदी तेच करायचं असतं.

बरगडी काळजात घुसून माणूस दगावल्याच्या गोष्टी गावोगाव सांगतात. प्रत्यक्षात तसं फार क्वचित होतं. फुप्फुसाला किंवा यकृताला कधी इजा होते, नाही असं नाही, पण बंद पडलेलं हृदय तसंच ठेवण्यापेक्षा ती इजा परवडते. आणि समजा, हृदय चालू असलेल्या माणसाचीच कोणी चुकून छाती दाबली तर? अमेरिकेतल्या सिअॅटल शहराच्या परिसरात याचाच शोध घेतला गेला आणि तो २०१० मध्ये छापून आला. फोनवरच्या सूचना ऐकून ज्यांची छाती दाबली गेली, पण नंतर कळलं की हृदय थांबलंच नव्हतं, अशी माणसं त्यांनी शोधून काढली. त्यांच्यात हाड मोडलेले शंभरात दोन निघाले आणि आतल्या अवयवाला इजा झालेला एकही नाही. म्हणून आम्ही सांगतो, शंका आली तर दाबा.

त्या घोरण्याबद्दलही तुम्ही लिहिलंय, आणि मला वाटतं काकांच्या शब्दांपेक्षा तेच तुम्हाला रात्री जास्त टोचत असेल. ते घोरणं नव्हतं. हृदय बंद पडल्यावर मेंदूच्या तळाशी थोडा जीव शिल्लक असतो आणि तो काही मिनिटं असे गचके देतो. कधी घोरल्यासारखा आवाज, कधी पाण्यातून काढलेल्या मासळीसारखी तोंडाची उघडझाप. बघणाऱ्याला वाटतं, श्वास चाललाय. ही फसगत इतकी सर्रास होते की ॲम्ब्युलन्सचे फोन घेणाऱ्यांना हा आवाज ओळखायचं वेगळं शिक्षण देतात. पूर्वी सामान्य माणसालाही नाडी बघायला शिकवायचे. त्यात चुकाच जास्त होतात असं दिसल्यावर २००० साली ते वगळलं. आता दोनच गोष्टी बघायच्या: हाक मारून, खांदे हलवून माणूस उठतोय का, आणि श्वास नेहमीसारखा आहे का. दोन्हीला नाही असं उत्तर आलं की सुरू करायचं. हे तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या घरातच कशाला, गोव्यातल्या किती घरांत हे कोणाला माहीत असेल?

आता दादाचं म्हणणं. यात तुमच्या ‘नियम का बदलतात’ या प्रश्नाचंही उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

छाती दाबून रक्त फिरवता येतं हे आजच्या रूपात जगापुढे आलं १९६० साली. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवेन नावाचे विजेचे इंजिनिअर, गाय निकरबॉकर हा त्यांचा तरुण सहकारी आणि जेम्स ज्यूड हे सर्जन, अशी तिघं विजेचा शॉक देऊन हृदय पूर्ववत करण्यावर काम करत होती. कुत्र्यांवरच्या प्रयोगात निकरबॉकरच्या लक्षात आलं की शॉकच्या जड पट्ट्या छातीवर दाबून धरल्या की शॉक देण्याआधीच रक्तदाबाची रेघ जराशी वर सरकते. त्या जराशा हालचालीकडे त्याने दुर्लक्ष केलं नाही, म्हणून आज आपण छाती दाबतो. त्याआधी इस्पितळात छाती कापून हृदय हातात धरून दाबत असत. त्यांच्या पहिल्या अहवालात वीस रुग्ण होते, त्यातले चौदा वाचले. मात्र ते इस्पितळातले रुग्ण होते, बरेचसे भूल देताना हृदय थांबलेले, शेजारी डॉक्टर उभे. घरातल्या सोप्यावर कोसळलेल्या माणसाला हा आकडा लावता येत नाही.

तोंडाने श्वास द्यायची रीत त्याच सुमारास पीटर साफार यांनी छाती दाबण्याला जोडून दिली आणि पुढे पंधराला दोन हे प्रमाण रूढ झालं. तुम्हाला डीएडला शिकवलं ते हेच. मग २००५ मध्ये एक अभ्यास आला. स्टॉकहोम, लंडन आणि नॉर्वेतल्या आकर्सहुस इथल्या ॲम्ब्युलन्समध्ये दाब मोजणारी यंत्रं लावून बघितलं, तर शिकलेसवरलेले कर्मचारीसुद्धा जवळजवळ निम्मा वेळ छाती दाबतच नव्हते. नळी घालण्यात, नाडी बघण्यात, श्वास देण्यात वेळ जात होता. दाबत होते तेव्हाही सरासरी साडेतीन सेंटिमीटरच.

थांबल्याने काय बिघडतं? बोअरिंगचा हातपंप आठवा. सलग चारदोन वेळा दांडा मारल्याशिवाय पाणी वर येत नाही, आणि हात थांबला की ते लगेच खाली जातं. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत रक्त ढकलायला लागणारा दाब असाच हळूहळू चढतो आणि तुम्ही थांबलात की झपकन उतरतो. परत चढवायला पुन्हा कितीतरी दाब द्यावे लागतात. शिवाय त्या वाहिन्यांत रक्त शिरतं ते मुख्यतः तुमचे हात वर येतात त्या क्षणी. म्हणून प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, तिच्यावर रेलून राहायचं नाही. म्हणूनच माणसाला गादीवरून जमिनीवर घ्यायचं, नाहीतर तुमचा निम्मा जोर गादीच खाऊन टाकते. तुम्ही बाबांना खुर्चीतून थेट जमिनीवर घेतलंत ते योग्यच होतं.

या सगळ्यामुळे २००५ मध्ये पंधराचे तीस दाब झाले. २००८ मध्ये अमेरिकेच्या हार्ट असोसिएशनने सांगितलं की न शिकलेल्या माणसाने नुसती छाती दाबली तरी चालेल. २०१० मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. त्यात फोनवरून काहींना नुसती छाती दाबायला सांगितलं, काहींना श्वासही द्यायला. वाचण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आपल्याकडे भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकाराने २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी जी पद्धत ठरली, तिच्यातही फक्त छाती दाबणंच आहे. त्यामुळे दादाला सांगा, अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाच्या रक्तात सुरुवातीची काही मिनिटं पुरेल इतका प्राणवायू असतो. अडतं ते रक्त फिरण्यावाचून. तुम्ही आडमार्गाने का होईना, अगदी आजच्या नियमाप्रमाणे वागलात.

पण इथे आपल्या गोव्यासाठी एक अपवाद आहे आणि तो वाड्यावरच्या प्रत्येक पोराला पाठ असायला हवा. बुडालेल्याला श्वास लागतो. त्याचं हृदय थांबतं तेच प्राणवायू संपल्यामुळे. किनाऱ्यावर जीवरक्षक असतात, पण आपली मुलं बुडतात ती नदीच्या कोंडीत आणि पावसाच्या पाण्याने भरलेल्या चिरेखाणीत, जिथे शिटी वाजवणारा कोणी नसतो. तिथे बाहेर काढल्याबरोबर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग तीस दाब आणि दोन श्वास असं चालू ठेवायचं. पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही, पायाला धरून उलटं टांगायचं नाही. लहान मुलांतही बहुतेक वेळा श्वासच आधी थांबतो, म्हणून त्यांनाही हाच नियम. तेव्हा तुमचं डीएडचं शिक्षण वाया गेलेलं नाही, त्याची जागा फक्त ठरलीय.

नियम बदलले की लोक म्हणतात, डॉक्टरांनाच ठाऊक नाही. मला उलट वाटतं. हृदय थांबलेल्या माणसाला आम्ही अॅड्रेनलिनचं इंजेक्शन कितीतरी वर्षं देत आलो. नाडी परत येते, बघणाऱ्याला धीर येतो. तरीही इंग्लंड-वेल्सच्या ॲम्ब्युलन्स सेवांनी आठ हजारांवर रुग्ण घेऊन तपासलं: निम्म्यांना इंजेक्शन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. २०१८ मध्ये निकाल आला. तीस दिवसांनी जिवंत असलेले इंजेक्शनवाल्या गटात ३.२ टक्के, दुसऱ्यात २.४. म्हणजे फायदा झाला, पण थोडा. वाचलेल्यांत मेंदूला जबर इजा झालेले मात्र इंजेक्शनच्या गटात जास्त. ही चाचणी करायला फार धैर्य लागलं असणार. आपण रोज मनापासून करतो ते खरंच उपयोगी आहे का, हे मेलेल्यांचे आकडे मांडून तपासायचं आणि जे निघेल ते छापायचं. नियम बदलतात ते अशा कामामुळे, आणि म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

मावसभावाला थोडक्यात उत्तर देता येईल. अंग ३३ अंशांपर्यंत थंड करण्याचा बराच बोलबाला होता. २०२१ मध्ये अठराशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत त्याचा वेगळा फायदा दिसला नाही, ताप चढू न देणं पुरेसं ठरलं. छाती दाबणारी यंत्रंही मोठ्या चाचण्यांत माणसाच्या हातांपेक्षा सरस ठरली नाहीत. चालत्या गाडीत ती सोयीची, एवढंच. रक्त बाहेर काढून प्राणवायू मिसळून परत आत सोडणाऱ्या यंत्राने अमेरिकेत मिनियापोलिसच्या छोट्या चाचणीत फार चांगला निकाल दिला (२०२०), पण नेदरलँड्समध्ये जास्त रुग्णांवर तेच करून बघितलं तेव्हा (२०२३) फरक स्पष्ट दिसला नाही. आणि या शेवटच्या दोन्ही चाचण्या होत्या शॉक लागू पडणाऱ्या, हृदय थरथरत असलेल्या रुग्णांच्या. बाबांना मशीन लावलं तेव्हा ‘शॉक देण्यासारखं नाही’ म्हणाले, याचा अर्थ बहुधा ती थरथरही थांबून रेघ सरळ झाली होती. त्या अवस्थेतून माणूस परत येणं कुठल्याही शहरात अवघडच. खरं सांगायचं तर गाडी दारात आली तेव्हाच फार उशीर झाला होता.

वेळेचा हा हिशेब किती कठोर असतो ते दाखवणारा एक अभ्यास मला नेहमी आठवतो, मांडवीतली कॅसिनोची जहाजं दिसली की हमखास. अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये सुरक्षारक्षकांना सीपीआर आणि शॉकचं यंत्र वापरायला शिकवलं. तिथे सगळीकडे कॅमेरे, त्यामुळे माणूस किती वाजता कोसळला आणि शॉक किती वाजता बसला हे मिनिटावारी कळलं. डोळ्यांदेखत कोसळलेल्या आणि हृदय थरथरत असलेल्यांपैकी ज्यांना तीन मिनिटांच्या आत शॉक मिळाला ते ७४ टक्के वाचले. तीन मिनिटं उलटून गेलेल्यांतले ४९ टक्के. हा अभ्यास २००० सालचा. शॉक देणारे डॉक्टर नव्हते, दारावरचे गार्ड होते. हे यंत्र, त्याला एईडी म्हणतात, स्वतःच रेघ वाचतं आणि शॉक हवा का ते बोलून सांगतं.

स्वीडनमध्ये तीस हजारांवर रुग्णांची नोंद तपासली, २०१५ मध्ये ती छापली. गाडी येण्याआधी कोणीतरी सीपीआर केलेले तीस दिवसांनी १०.५ टक्के जिवंत होते, कोणीच न केलेले ४ टक्के. हे दोन आकडे नीट बघा, ताई. सीपीआर केल्याने वाचण्याची शक्यता दुपटीहून जास्त झाली, हे खरं. आणि सीपीआर करूनही दहातले जवळजवळ नऊ जण गेले, हेही खरं. बाबा त्या नऊ जणांत होते. तुम्ही काही चुकीचं केलंत म्हणून नव्हे. जगातले सगळ्यांत तयारीचे देशही अजून एवढंच वाचवू शकतात.

काका भाऊ गमावून बसलेत. आपण तिथे नव्हतो, काही करता आलं नाही, याचा राग माणूस कोणावर तरी काढतो. त्यांच्याशी तुम्ही वाद घालू नका. तुमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना गाठा आणि त्यांच्याकडून काकांना समजावा. घरच्या मुलीपेक्षा त्यांचं ऐकतील.

आईबद्दल. तिला आत न नेल्याने तिचं नुकसान झालं असं मानू नका. फ्रान्समध्ये नेमका हाच प्रश्न तपासून पाहिलाय, २०१३ मध्ये. ५७० नातेवाइकांपैकी काहींना ‘जवळ थांबायचं का’ असं मुद्दाम विचारलं, बाकीच्यांना नेहमीच्या रिवाजाप्रमाणे वागवलं. तीन महिन्यांनी बघितलं तर ज्यांना विचारलं होतं त्यांच्यात धक्क्याची लक्षणं कमी होती. उपचारातही काही अडथळा आला नव्हता. आपल्यासाठी सगळं केलं गेलं हे डोळ्यांनी बघितलेलं असलं की मन पुढे कमी कुरतडतं, असं दिसतं. तरी आई दचकून उठतेय, आणि महिना होऊन गेलाय. तिला त्या दुपारबद्दल बोलू द्या, विषय बदलू नका. झोप आणि जेवण सुधारत नसेल तर बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे मानसोपचाराच्या सरकारी इस्पितळात, दाखवा किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा, चोवीस तास चालू असतो. आणि तुम्ही स्वतः? तुमच्या पत्रात तुमच्या झोपेबद्दल एक ओळही नाही. आईला न्याल तेव्हा आपलंही सांगा.

आता शिबिर. पुढे व्हा. फक्त एक अट घालते: तुम्हाला झेपत असेल तरच सरावाच्या पुतळ्यावर हात ठेवा. पहिल्यांदा हाताखाली ती छाती आली की त्या दुपारची आठवण उसळून येऊ शकते. तसं झालं तर मुलांची नावं लिहून घ्या, चहा-पाण्याचं बघा, दाबायचं दुसरं कोणी दाखवेल.

शिकवायला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) किंवा जिल्हा इस्पितळाच्या भूलतज्ज्ञांना विचारा, १०८ च्या लोकांनाही विचारा. भाषणं कमी ठेवा. प्रत्येकाचे हात पुतळ्यावर सलग दोन मिनिटं चालायला हवेत, तेव्हाच कळतं की मिनिटभरात दमायला होतं आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो. वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस. याहून भरभर गेलं की खोली कमी होते. वाड्यावर आरतीला घुमट वाजवणारा कोणी असेलच, त्याला घड्याळ लावून एकशेदहाच्या लयीवर बसवा आणि त्या तालावर सगळ्यांना दाबायला लावा. बायकांना आवर्जून बोलवा, आणि बाईमाणूस कोसळलं तर काय, हेही उघड बोला. परदेशातल्या नोंदींतसुद्धा रस्त्यात कोसळलेल्या बायकांना पुरुषांपेक्षा कमी वेळा सीपीआर मिळालेला दिसतो. हात कुठे ठेवायचा या संकोचाने लोक मागे राहतात. आपल्याकडे काय होत असेल ते तुम्ही जाणताच.

कोणीतरी कायद्याची भीती घालेल. जिवावर बेतलेल्या माणसाला त्याच्या भल्यासाठी सद्हेतूने मदत करणाऱ्याला जुन्या दंडसंहितेत संरक्षण होतं, नव्या न्याय संहितेतही ते ठेवलंय. कोणी व्हॉट्सअॅपवरचं ‘जोरात खोका आणि हार्ट अटॅक टाळा’ हेही घेऊन येईल. त्याचं मूळ १९७६ सालचं, इस्पितळात मॉनिटर लावलेल्या, डॉक्टरांसमोर पडलेल्या रुग्णांचं. घरी छातीत दुखलं तर खोकत बसायचं नाही, १०८ लावायचा किंवा जवळचं आरोग्य केंद्र गाठायचं. स्टेमी गोवा योजनेत तिथे काढलेला ईसीजी गोमेकॉच्या हृदयरोगतज्ज्ञांपर्यंत पोचतो. हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबते, माणूस बोलत असतो. तिथे वेळेत उपचार झाले तर बहुतेकदा हृदय बंद पडण्याची वेळ येत नाही.

गाडीला वीस मिनिटं लागली म्हणता. काही वेळ अंतराचा असेल, पण वाट शोधण्यातही जातो. शिबिरात प्रत्येक घराची खूण ठरवून कागदावर लिहा: कुठल्या तिठ्यावरून वळायचं, कुठलं देऊळ, कुठला घुमटीवजा खुरीस (क्रूस), गाडी कुठवर येते. फोन स्पीकरवर ठेवून १०८ शी बोलत राहायचं, आणि एकाने धावत रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. पंचायतीकडे एईडीची मागणी करा, आणि मिळालं तर ते कुलपात न ठेवता कोणाच्याही हाताला लागेल असं ठेवायला सांगा.

हे एकदा शिकून भागत नाही. तीन ते सहा महिन्यांत हात विसरतात, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणून चवथीच्या आसपास एकदा आणि शिगम्याच्या आसपास एकदा अशी वर्षातून दोनदा उजळणी ठेवा. डेन्मार्कने २००५ मध्ये शाळांत हे सक्तीचं केलं. इतरही बरेच प्रयत्न झाले, आणि २००१ ते २०१० या दहा वर्षांत तिथे गाडीआधी सीपीआर मिळालेल्यांचं प्रमाण २१ टक्क्यांवरून ४५ वर गेलं, वाचणारे साडेतीन टक्क्यांवरून जवळपास अकरा झाले. बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना वर्षाला दोन तास शिकवा, असा पुरस्कार जागतिक आरोग्य संघटनेनेही केलाय. तुमच्या चौथीच्या मुलांच्या हातात तेवढा जोर नसतो. पण हाक मारून बघणं, मोठ्यांना ओरडून बोलावणं, १०८ लावून घराची खूण सांगणं त्यांना नक्की येईल. शाळेतच सुरुवात करा. आणि शिबिराची तारीख जाहीर करण्याआधी पुतळे किती आणि कधी मिळतात ते विचारून घ्या. पन्नास माणसांना एक पुतळा असला तर शिबिराचं व्याख्यान होतं.